पत्त्यांचे पुडके

वैशाखातील उन्हात चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत ‘पत्ता’ हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी असतो; परंतु त्याचा अर्थ राजा, राणी, गुलाम असा मात्र नसतो. तेथे पत्ता म्हणजे तेंदूचे पान. पहाट फुटण्यापूर्वी घरातील माणसे रानात जातात, ऊन चढण्याच्या आत पाने खुडून परततात, आणि मग ओसरीवर बसून सारे घर त्या पानांची पुडकी बांधू लागते. महाराष्ट्रात एका पुडक्यात ७० पाने असावी लागतात, आणि अशी एक हजार पुडकी झाली म्हणजे एक प्रमाण गोणी भरते. इंद्रावती ओलांडून छत्तीसगडात गेले की तेच पुडके ५० पानांचे होते. सत्तर बरे की पन्नास बरे, हा प्रश्न निराळा. परंतु पुडके बांधणाऱ्या आजीबाईला आणि ते मोजून घेणाऱ्या मुनशीला, दोघांनाही हा आकडा हंगामाच्या आरंभीच ठाऊक असतो. संशय आला तर दोरी सोडावी आणि सर्वांसमक्ष पाने मोजावीत. आता समजा, हंगाम निम्मा उलटल्यावर एखाद्या सायंकाळी खरेदीदाराने जाहीर केले की, उद्यापासून दर तोच राहील, मात्र पुडके ऐंशी पानांचे बांधावे. तर त्या गावात काय प्रकार घडेल, याची कल्पना कोणासही करता येईल.

याच सुमारास, तेथून पन्नास-शंभर कोसांच्या आतच, चंद्रपूर शहरातील एखाद्या घरी परीक्षा आटोपून बसलेल्या मुलाच्या हातातही पत्त्यांचे पुडके असते. ते पळसाच्या सालीने बांधलेले नसते, कागदाचेही नसते. मोबाइलच्या काचेवर एक चकचकीत पाकीट दिसते, बोटाने त्याची कड फाडल्यासारखे करावयाचे, आणि आतून चार-पाच चित्रमय पाने एकामागून एक उलगडत येतात. या पाकिटाला खेळाडू ‘पॅक’ म्हणतात. काही पॅक फुकट मिळतात, काही खेळात जिंकून, आणि उरलेले रोख पैसे मोजून. पाने जमवावयाची, त्यांतून निवडक पानांचा आपला संच रचावयाचा, आणि दूरदेशीच्या कोणा अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी तो लढवावयाचा, असा हा खेळ आहे. एके दिवशी खेळाची नवी आवृत्ती येते आणि मुलाचा चेहरा उतरतो. पॅकमधील पाने कमी झालेली असतात, किंवा दुर्मीळ पान निघण्याचे मान बदललेले असते, किंवा वर्षभर खपून मिळविलेले पान रातोरात दुबळे करून टाकलेले असते. तो चिडतो, मित्रांना फोन करतो, जेवणावरून उठतो. घरातील वडीलधाऱ्यांना हे सारे हास्यास्पद वाटते. “खोट्या पत्त्यांसाठी खरे अश्रू कशाला?” असे कोणी विचारते आणि विषय तेथेच संपतो.

विषय तेथे संपवावयाचा नसेल, तर प्रथम पत्त्यांच्या जोडाचा थोडा मागोवा घेणे इष्ट ठरेल; कारण पत्त्यांचा जोड बदलणे ही गोष्ट काही आजची नव्हे.

हिंदुस्थानात पत्त्यांचा जुना उल्लेख सापडतो तो बाबराच्या आत्मचरित्रात. १५२७ साली त्याने सिंधमधील शाह हसन याच्याकडे गंजिफांचा जोड धाडल्याची नोंद तेथे आहे. पुढे अबुल फजलने ‘ऐने अकबरी’त बारा रंगांच्या, म्हणजे १४४ पानांच्या गंजिफेचे वर्णन केले आहे. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती अशी त्या रंगांच्या अधिपतींची नावे होती. बादशहाने स्वतः या पानांत काही फेरफार केले, हेही त्याने नमूद करून ठेविले आहे. अकबराचे ते फेरफार दरबारातील सर्वच खेळाडूंना रुचले असतील असे नाही. पण बादशहापुढे कुरकुर करणार कोण?

महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळची ती सावंतवाडीची दशावतारी गंजिफा. तिच्यात मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की असे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. मिळून १२० गोल पाने. पहिल्या पाच अवतारांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या पाचांत नेमके उलट, एक्का मोठा आणि दश्शी लहान. दिवसा खेळावयाचे तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याची उतारी, रात्री खेळावयाचे तर कृष्णाच्या राजाची. नवशिक्याला हे नियम डोके उठविणारे वाटतात. पण ते साऱ्यांना सारखेच ठाऊक असत आणि पिढ्यान् पिढ्या तेच राहिले, म्हणून तिघे खेळाडू एकदा बसले की नियमांविषयी तंटा होण्याचे कारण नसे. चिंचोक्याच्या खळीने सांधलेले थर, त्यांवर रंग, रंगावर लाखेचा लेप, आणि सर्व पानांची पाठ एकसारखी. ही कला मरू घातली असता सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने, विशेषतः शिवरामराजे व सत्वशीलादेवी यांनी, १९७०च्या दशकात ती पुन्हा उभी केली. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळाले. चंद्रपूरच्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणातील निर्मळ हे गावही रंगीत लाकडी खेळण्यांबरोबरच एके काळी गंजिफांसाठी प्रसिद्ध होते, ही गोष्ट मात्र चंद्रपुरात फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली दिसत नाही.

मग युरोपातून छापील ५२ पाने आली आणि घराघरांत रुळली. झब्बू, बदाम सात, मेंढीकोट, पाच-तीन-दोन, गुलामचोर हे सारे त्याच ५२ पानांचे संसार. पाच-तीन-दोन खेळावयाचे तर तीसच पाने ठेवून उरलेली बाजूला काढतात. मंडळी जास्त असली तर दोन कॅट एकत्र पिसतात. म्हणजे जोडात बदल येथेही होतो. पण तो डाव मांडण्यापूर्वी होतो, आणि बसलेल्या सर्वांच्या संमतीने होतो. शिवाय दुकानातून आणलेल्या कॅटात काय आहे, हे कोणाला उघडून पाहावे लागत नाही. बदामाचा राजा मिळेल की नाही, या आशेवर कोणी कॅट विकत घेत नाही. नशिबाचा प्रश्न उद्भवतो तो पाने वाटतांना, विकत घेतांना नव्हे.

नशीब वाटपातून उचलून खरेदीत आणून ठेवण्याचे काम अमेरिकेत झाले. १९९३ साली रिचर्ड गार्फील्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ बाजारात आला. त्याची पाने मोहोरबंद पाकिटांतून विकली जात. आत कोणती पाने आहेत ते बाहेरून दिसत नसे, आणि काही पाने मुद्दाम कमी छापलेली असत. च्युइंगगमच्या वेष्टनातील क्रिकेटपटूंची चित्रे ज्यांनी लहानपणी जमविली आहेत, त्यांना या युक्तीचे मर्म समजावून सांगावयास नको. हवे ते चित्र कधी निघत नसे, आणि नको असलेला एकच गडी सात वेळा हाती येई.

या ठिकाणी थोडे गणित केलेच पाहिजे, कारण मुलाच्या रागाचे निम्मे कारण त्यात आहे. समजा, मोहोरबंद पाकिटातून दशावतारांपैकी कोणताही एक राजा निघतो आणि दहाही निघण्याचा संभव सारखाच आहे. दहा राजे जमविण्यास किती पाकिटे घ्यावी लागतील? बहुतेक लोक दहा-पंधरा असे उत्तर देतात. वस्तुतः सरासरीने सुमारे २९ पाकिटे लागतात. पहिला राजा पहिल्याच पाकिटात येतो हे खरे. पण नऊ जमल्यावर उरलेल्या एका दहाव्यासाठीच सरासरी दहा पाकिटे खर्ची पडतात. आता विक्रेत्याने अवतारांत आणखी दोनांची भर घातली आणि दहाचे बारा केले. ऐकावयास ही भर किरकोळ वाटते. खेळाडूला दोन नवी चित्रे मिळाली असेही म्हणता येईल. परंतु पूर्ण संचासाठी लागणाऱ्या पाकिटांची सरासरी २९ वरून ३७ वर जाते. किंमत एका पैशानेही वाढलेली नाही, पाकीट तेच आहे, आणि तरीही संच सव्वापटीहून महाग झाला. दुसरे एक उदाहरण. शंभर पाकिटांत एकदा निघणारे पान मिळावे म्हणून एखाद्याने शंभर पाकिटे फोडली, तर ते मिळेलच अशी त्याची समजूत असते. हिशेब सांगतो की, शंभर फोडूनही ते न मिळण्याचा संभव शेकडा ३७च्या जवळपास आहे. म्हणजे तिघांतील एकाहून अधिक खेळाडू रिकाम्या हाताने परत जाणार, आणि त्यांतील प्रत्येकाला वाटणार की, आपल्याच बाबतीत काहीतरी लबाडी झाली.

लबाडी झाली की दैव आडवे आले, हे त्याला कळण्याची सोय नसते. येथेच तेंदूच्या पुडक्याची आठवण होते. दोरी सोडून मोजता येत नाही अशी वस्तू विकणाऱ्यावर आकडा जाहीर करण्याची जबाबदारी अधिक असावयास हवी. प्रत्यक्षात कित्येक वर्षे ती मुळीच नव्हती. चीनच्या सरकारने १ मे २०१७ पासून अशा खेळांच्या कंपन्यांना प्रत्येक वस्तू निघण्याचे प्रमाण जाहीर करणे भाग पाडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अॅपल कंपनीने आपल्या दुकानातील खेळांना तोच नियम लावला, आणि पुढे गूगलनेही तसेच केले. आज चंद्रपूरच्या मुलालाही पॅकखालच्या बारीक अक्षरांत हे प्रमाण वाचावयास मिळते, ते या धडपडीमुळे. तो ते वाचतो किंवा नाही, हा भाग वेगळा.

जपानमध्ये हा प्रश्न त्याहूनही आधी ऐरणीवर आला होता. नशिबाने निघणाऱ्या अनेक वस्तूंचा पूर्ण संच जमविला तरच एक विशेष बक्षीस द्यावयाचे, अशी पद्धत तेथील मोबाइल खेळांत बोकाळली होती. वर सांगितलेल्या दहा राजांचेच ते गणित. २०१२ साली तेथील ग्राहक व्यवहार संस्थेने ही पद्धत बेकायदा ठरविली. २०१६च्या आरंभी ‘ग्रानब्लू फँटसी’ या खेळात एका पात्रासाठी कोणा खेळाडूने दोन हजारांहून अधिक वेळा नशीब अजमावले आणि त्यापायी हजारो डॉलर घालविले, ही बातमी जगभर झाली. गवगवा इतका झाला की, त्या कंपनीने मर्यादा घालून दिली : ३०० वेळा प्रयत्न झाले की हवी ती वस्तू खेळाडूने निवडून घ्यावी. राग व्यर्थ जात नाही, याचे हे एक उदाहरण.

‘हार्थस्टोन’ हा पत्त्यांचाच खेळ २०१४ साली निघाला आणि पुढील वर्षी मोबाइलवर आला. त्याच्या पॅकमध्ये पाच पाने असतात. २०१७ साली कंपनीने, पैसे एकदाच भरून ठरलेली पाने मिळण्याचे जे मार्ग होते ते बंद करून, सारा भर पॅकांवर दिला. खेळणे महाग झाले अशी ओरड सुरू झाली. त्या उन्हाळ्यात कंपनीला दोन गोष्टी कबूल कराव्या लागल्या : नव्या मालिकेच्या पहिल्या दहा पॅकांत एक अतिदुर्मीळ पान खात्रीने निघेल, आणि त्या जातीची सर्व पाने जमेपर्यंत तेच पान दुसऱ्यांदा निघणार नाही. २०२० साली दुसरी सवलत इतर जातींच्या पानांनाही लागू झाली. या खेळाची एक रीत मात्र वाखाणण्याजोगी आहे. एखादे पान फार प्रबळ ठरले म्हणून कंपनीने ते दुबळे केले, तर काही दिवसपर्यंत ते पान मोडून त्याचे पुरे मोल परत घेण्याची मुभा खेळाडूला मिळते. पान बदलले, पण त्यात ओतलेले श्रम बुडाले नाहीत.

‘क्लॅश रोयाल’ या फिनलंडच्या खेळात पाने जमविणे पुरेसे नसते. तेच पान पुनःपुन्हा मिळवून त्याची पायरी वाढवावी लागते. २०१६ साली हा खेळ निघाला तेव्हा पायऱ्यांना १३ ही सीमा होती. कित्येकांनी वर्षानुवर्षे खपून शेवटची पायरी गाठली. २०२१ साली सीमा १४ झाली आणि २०२३ साली १५. डोंगरमाथ्यावर पोहोचून दम घेणाऱ्या माणसाला माथा आणखी वर सरकलेला दिसावा, तशी त्यांची गत झाली. कोणाच्या संग्रहातून एकही पान कमी झाले नाही, हे अक्षरशः खरे आहे. पण पानाची किंमत ते इतर पानांच्या मानाने कोठे उभे आहे यावर ठरते. शेजाऱ्याचे बांध उंच केले की आपले शेत न हलताही सखल होते.

अलीकडचे आणि सर्वांत बोलके उदाहरण पोकेमॉनच्या खेळाचे. ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ हा मोबाइलवरील खेळ ३० ऑक्टोबर २०२४ रोजी बाहेर आला. दर बारा तासांनी एक पॅक फुकट, प्रत्येकात पाच पाने. लहान मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनीही तो डोक्यावर घेतला. पानांची अदलाबदल करण्याची सोय पुढे होईल असे आश्वासन आरंभापासून होते, आणि ज्याच्याजवळ एकच पान तीन-तीन वेळा आले होते तो त्या दिवसाची वाट पाहत होता. २९ जानेवारी २०२५ रोजी ती सोय आली. पाहतात तो अदलाबदलीसाठी निराळ्याच टिकल्या लागत, आणि त्या मिळविण्यासाठी आपल्याजवळची दुर्मीळ पाने मोडावी लागत. मोठ्या जातीच्या एका पानाची अदलाबदल करावयाची तर ५०० टिकल्या. त्याच जातीचे एक पान मोडले तर मिळत १२५. म्हणजे मित्राला एक पान देण्यासाठी तशीच चार पाने चुलीत घालावयाची! शाळकरी मुलेदेखील हा हिशेब काही मिनिटांत करून मोकळी झाली. कंपनीने थोड्याच दिवसांत चूक झाल्याचे मान्य केले. लबाडीच्या खात्यांनी भराभर पॅक फोडून अदलाबदलीचा गैरफायदा घेऊ नये म्हणून हे निर्बंध घातले होते, असे तिचे म्हणणे होते. तिने सर्वांना एक हजार टिकल्या भेट दिल्या, आणि २०२५च्या जुलैअखेर ती टिकल्यांची पद्धतच काढून टाकली.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. ५२ पानांचा कॅट एकदा छापला की छापखान्याचे काम संपते. मोबाइलवरील खेळ मात्र रोज चालवावा लागतो, त्याची यंत्रे रात्रंदिवस जागी ठेवावी लागतात, चित्रकारांना व प्रोग्रामरांना दरमहा पगार द्यावा लागतो. पाने कधीच बदलली नाहीत तर चतुर खेळाडू सहा महिन्यांत सर्वोत्तम संच शोधून काढतात, आणि मग जो तो तोच संच घेऊन बसतो. खेळ शिळा होतो. नवागताच्या दृष्टीनेही जुन्या पानांचा डोंगर भीतिदायकच असतो. बदल हवाच, हे मान्य करावयास प्रत्यवाय नाही. शिवाय खेळाडूंचाही थोडा दोष आहे. फुकट मिळालेल्या पॅकाबद्दल कोणी कंपनीचे आभार मानीत नाही. बदलाने ज्याचा फायदा झाला तो गप्प राहतो, आणि ज्याचा तोटा झाला तोच तेवढा बोलतो. काही जण तर रागाच्या भरात त्या खेळाच्या नोकरांना शिव्यागाळ करतात, त्याला पाठिंबा देता येणार नाही.

पण हे सारे जमेस धरूनही एक गोष्ट उरते. छापील पान एकदा घरी आले की छापखान्याचा मालक रात्री येऊन कपाटातील बदामाच्या राजावरचा मुकुट खरवडून नेऊ शकत नाही. मोबाइलवरील पानाच्या बाबतीत तो ते करू शकतो, आणि करतोही. कारण विकत घेतलेले ते पान कायद्याने खेळाडूच्या मालकीचे नसतेच. खेळ सुरू करतांना जी लांबलचक कलमे ‘मान्य’ म्हणून एका बोटाने पुढे ढकलली जातात, त्यांत स्पष्ट लिहिलेले असते की, हा केवळ वापराचा परवाना आहे, आणि तो बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेविला आहे. दुकानात शब्द मात्र ‘खरेदी’ असाच वापरलेला असतो. मुलाच्या संतापाचे खरे मूळ या दोन शब्दांमधील अंतरात आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

कायद्याने येथे काय केले? बेल्जियमच्या द्यूत आयोगाने २०१८च्या एप्रिलमध्ये पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा बंद पेट्यांना जुगार ठरविले, आणि २०१९च्या जानेवारीअखेर फुटबॉलच्या एका प्रसिद्ध खेळाला त्या देशातील आपली नाण्यांची विक्री थांबवावी लागली. भारतात जुगाराचा विचार निराळ्या वाटेने झालेला आहे. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला. कौशल्य आणि दैव यांच्या त्या तराजूवर नंतरचे पुष्कळ वाद तोलले गेले. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा संमत केला, आणि पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, त्याने निषिद्ध ठरविले. परंतु पॅक फोडणाऱ्या मुलाला पैसे जिंकावयाचे नसतात. त्याला पान हवे असते. कायद्याचा मुख्य रोख ज्या दुखण्यावर आहे, ते त्याचे दुखणे नव्हे.

त्याला अधिक उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी जुन्याच आहेत. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-व्यापाराच्या व्याख्येत डिजिटल वस्तूंचाही समावेश आहे, आणि तक्रार करणारा जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगापुढे त्याला दाद मागता येते. म्हणजे कंपनी टोकियोची असो की कॅलिफोर्नियाची, चंद्रपूरच्या ग्राहकाला अर्ज लिहिण्यासाठी चंद्रपूर सोडावे लागत नाही. पन्नास-शंभर रुपयांच्या पॅकासाठी कोणी ते कष्ट घेईल की नाही हा प्रश्न आहेच, आणि कंपन्यांची भिस्त नेमकी त्यावरच असते. दुसरी गोष्ट आईबापांनी ध्यानात घेण्याजोगी. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, आणि अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल होय, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली ठरवून दिले आहे. बारा वर्षांच्या मुलाने बापाच्या फोनवरून न विचारता पॅक घेतले असतील, तर पैसे परत मागण्यास संकोच बाळगण्याचे कारण नाही. अर्थात मागणी लवकर करावी, आणि पुढच्या खेपेसाठी फोनवर खरेदीचा परवलीचा शब्द घालून ठेवावा.

पैशांविषयी आणखी एक बारकावा. पॅक सहसा रुपयांत विकला जात नाही. रुपये देऊन आधी हिरे, सोने किंवा मोहरा घ्यावयाच्या, आणि त्या मोहरा देऊन पॅक घ्यावयाचा. मोहरा अशा संख्येत मिळतात की, पॅक घेतल्यावर थोड्या उरतात. त्या वाया जाऊ नयेत म्हणून आणखी थोड्या घ्याव्याशा वाटतात. तेंदूच्या हंगामात घरातील शाळकरी पोरही शंभर पुडक्यांचा भाव अचूक सांगते, कारण तो रुपयांत असतो. शहरातील कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला एका पॅकाचे रुपये किती पडले असे अचानक विचारले, तर त्याला बहुधा बोटे मोजावी लागतील. तो मूर्ख आहे म्हणून नव्हे. हिशेब लागू नये अशी रचनाच तेथे मुद्दाम केलेली असते. चिडलेल्या मुलाशी ज्या वडिलांना खरोखर बोलावयाचे असेल, त्यांनी “खेळ सोड” असे सांगण्याऐवजी त्याच्याजवळ बसून वर्षभरातील पॅकांचा रुपयांत हिशेब मांडावा. मुलगा पुष्कळदा स्वतःच चकित होतो. आणि वडिलांनाही त्या बैठकीत समजते की, त्याचा सगळा राग पैशांपायी नव्हता. वर्षभर रात्री जागून, दूरच्या मित्रांशी अदलाबदल करीत, एकेक पान त्याने जमविले होते, आणि त्याला न विचारता त्या पानांचा अर्थ बदलण्यात आला होता.

चंद्रपूरच्या त्याच घरातील दिवाणखान्यात, टीपॉयच्या खणात, बहुधा छापील पत्त्यांचाही एक जुना कॅट असतो. बावन्नांतील एखादे पान केव्हाच हरवलेले असते. मग कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा जाड कागद त्याच मापाने कापून, त्यावर निळ्या शाईने ‘किलवर पंजी’ असे लिहून ते जोडात घालतात. पाठीवरून ते पान कोणाच्या हाती आहे हे साऱ्यांना दिसते, म्हणून एका उन्हाळी दुपारी आजी, आत्या आणि मुले मिळून नियम करतात की, किलवरची पंजी ज्याला येईल त्याला एक पान बदलून घेण्याची मुभा. धाकट्याला हा नियम पसंत नसतो. तो हुज्जत घालतो, आणि त्याचे म्हणणे पुरे होईपर्यंत पाने वाटली जात नाहीत.